नकाशातली रेघ आणि रानातला बांध

आमचं गाव बार्शी तालुक्यातलं. आज एवढं सांगितलं की भागतं. पण माझ्या आजोबांना कुणी गाव विचारलं तर त्यांना दोन वाक्यं लागायची. "गाव बार्शीजवळच. पण आम्ही मोगलाईतलं." मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख. बार्शी इंग्रजांची. बार्शीच्या भोवती निजाम आणि बार्शीच्या पोटात पुन्हा निजामाची काही गावं. त्यातलंच एक आमचं. चारी बाजूंनी इंग्रजी रान आणि मधे आम्ही निजामाचे, असला तो कारभार.

लहानपणी मला हे नीट कळायचं नाही. मी विचारायचो, "आजोबा, मग तुमच्या गावाला भिंत होती का?" ते हसायचे. "भित कसली रं! बांध हुता. ह्या बांधावर शेळी चरली तर निजामाची, त्या बांधावर चरली तर इंग्रजाची. शेळीला काय ठाव?"

शेळीला ठाव नव्हतं, पण माणसाला ठेवावं लागत होतं. आजोबा कापूस घेऊन बार्शीच्या बाजाराला निघाले की करोडगिरीचा नाका आडवा यायचा. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. घरी खर्चायचा रुपया हाली, बाजारात चालायचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार यायचे. म्हणजे दोन कोसांवरच्या बाजाराला जायचं तरी आधी पैसे बदलायचे. आजोबांची बहीण शेजारच्याच गावात दिलेली, ते गाव इंग्रजीतलं. भाऊबीजेला बहिणीकडं जायचं म्हणजे राज्य ओलांडायचं. आजोबा सांगायचे, "मी आयुष्यभर एकाच शिवारात फिरलो, पण दोन राज्यांचं पाणी प्यालो."

हे ऐकलं की वाटतं, काय वेडेपणा होता. रेघच नसती तर किती बरं झालं असतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण आजोबांनीच एकदा दुसरी बाजू सांगितली. १९४७-४८ चं साल. रझाकारांचा धुमाकूळ चाललेला. एका रात्री आजोबांनी बैलगाडी जुंपली, आजीला आणि पोरांना बसवलं, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून ठेवल्या आणि बहिणीच्या गावाला नेऊन सोडलं. चार-सहा शेतं ओलांडली की माणूस सुरक्षित. "ती रेघ नसती तर पळून जायाचं कुठं?" आजोबा म्हणाले होते. ज्या रेघेनं जन्मभर नाक्यावर थांबवलं, तिनंच त्या रात्री पोरं वाचवली. तेव्हापासून मी रेघेला सरसकट शिव्या द्यायचं सोडलं.

पुढं सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य संपलं. आणि १९५० च्या जानेवारीत, प्रजासत्ताक दिन तोंडावर आला असताना, एका प्रांताच्या पोटातली दुसऱ्याची गावं ज्याच्या पोटात आहेत त्याला जोडून टाकायचा हुकूम निघाला. आमचं गाव जागचं हललं नाही, एक दगडही इकडचा तिकडं झाला नाही. नुसती रेघ पुसली आणि आजोबांचं दुसरं वाक्य गेलं. सवयीनं ते मात्र मरेपर्यंत म्हणत राहिले, "आम्ही मोगलाईतलं."

ह्या गोष्टीमुळंच मला नकाशाचा नाद लागला असावा. मी दहावीपर्यंत शिकलो. पुढं शिकायची ऐपत नव्हती आणि रानात माणूस लागत होतं. शाळा सुटली तेव्हा भूगोलाच्या गुरुजींनी त्यांचा जुना ॲटलास मला दिला. त्याची पानं सुटली, शिवून घेतली, पुन्हा सुटली. पावसाळ्यात काम नसलं की मी तो घेऊन बसायचो. घरचे म्हणायचे, आमच्यात पोथी वाचणारे झाले, नकाशा वाचणारा हा पहिलाच.

नकाशात असलं बेट कसं ओळखायचं ते मी माझं मीच शिकलो. हद्दीची रेघ बोटाखाली धरायची आणि तिच्यावरनं चालायला लागायचं. साधी हद्द असली तर बोट पुढं कुठंतरी समुद्राला नाहीतर तिसऱ्याच्या हद्दीला जाऊन भिडतं. पण कधीकधी बोट फिरून निघालं तिथंच परत येतं आणि आतला रंग बाहेरच्यापेक्षा वेगळा असतो. मग समजायचं की हे बेट. पाण्यातलं नव्हे, दुसऱ्याच्या मुलखातलं. मोठ्या नकाशावर ती बेटं दिसतही नाहीत, शाईचा ठिपका पडल्यागत वाटतात. बारीक प्रमाणाचा नकाशा हातात आला तरच कळतं की त्या ठिपक्यात घरं आहेत, विहिरी आहेत, पोरं शाळेला जायचं म्हणतायत.

वादाची हद्द ओळखायची रीत निराळी. काही नकाशांत ती तुटक तुटक काढलेली असते, ते सोपं. पण पुष्कळ नकाशांत ती सलगच असते, कारण प्रत्येकजण आपल्या घरी आपलीच रेघ खरी म्हणून छापतो. आपल्याकडं फोनवर नकाशा उघडला तर काश्मीरभोवती सलग रेघ दिसते. माझा पुतण्या आखातात नोकरीला आहे, त्यानं तिकडनं तोच नकाशा उघडून फोटो पाठवला, त्यात तीच रेघ तुटक. कंपनी एक, नकाशा एक, पण रेघ कोण बघतोय त्याच्यावर ठरते. म्हणून एका घरचा नकाशा बघून वाद कळत नाही. दोघांचे दोन नकाशे शेजारी ठेवावे लागतात. जिथं ते जुळत नाहीत तिथं वाद. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं माझ्याच घरात मला ते उपयोगी पडणार होतं आणि मी ते विसरलो होतो.

जगातली सगळ्यात गुंतागुंतीची बेटं आपल्या देशाच्या आणि बांगलादेशाच्या हद्दीवर होती, कूचबिहारकडं. तिकडं त्यांना छिटमहल म्हणत. लोक सांगतात की कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळ खेळायचे आणि गावं पणाला लावायचे, त्यातनं ही खिचडी झाली. गोष्ट रंगतदार आहे, पण खरं कारण त्यापेक्षा रूक्ष. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगल आणि कूचबिहार यांच्यात तह झाला, तेव्हा ज्याच्या माणसांच्या ताब्यात जी जमीन होती ती त्याचीच राहिली. पुढं इंग्रज आले, गेले, फाळणी झाली, आणि राजाच्या जहागिरीचे तुकडे दोन देशांचे तुकडे झाले. भारताची १११ बेटं बांगलादेशात, बांगलादेशाची ५१ बेटं भारतात. काही बेटांत पुन्हा दुसऱ्याची बेटं. आणि एक तर त्याच्याही पलीकडचं. दहाला खगराबाडी नावाचं रान. बांगलादेशात भारताचं गाव, त्या गावात बांगलादेशाचं गाव आणि त्या गावात हा भारताचा तुकडा. जेमतेम पावणेदोन एकर. म्हणजे आमच्याकडच्या वाटणीतल्या एका भावाचं रान. त्यात ताग पिकायचा आणि तो पिकवणारा शेतकरी बांगलादेशी.

वाचताना गंमत वाटते. पण तिथं राहणाऱ्याला गंमत नव्हती. भारताचा नागरिक म्हणायचं, पण भारतात जायला बांगलादेश ओलांडायचा, त्याला व्हिसा पाहिजे, व्हिसा काढायला शहरात जायचं, आणि शहरात जायला पुन्हा हद्द ओलांडायची. विजेचे खांब गावाच्या कडेनं जायचे, आत यायचे नाहीत. पोराला शेजारच्या शाळेत घालायचं तर बापाचं नाव खोटं लावावं लागायचं. आजोबांचा करोडगिरीचा नाका आठवतो आणि वाटतं, ते फारच सुखी होते.

१९७४ साली इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांच्यात अदलाबदलीचा करार झाला. तो अंमलात यायला ४१ वर्षं लागली. २०१५ च्या ३१ जुलैला मध्यरात्री ही बेटं संपली. १७,१६० एकर तिकडं गेली आणि ७,११० एकर इकडं आली. म्हणजे आपण दहा हजार एकर जास्त दिली, आणि त्या फरकाची भरपाई मागितली नाही. ही बेरीज वाचून आमच्या पारावर चर्चा झाली होती. एकजण म्हणाला, "वाटणीत एक गुंठा कमी आला तर भाऊ भावाचं डोकं फोडतो, आन् हितं दहा हजार एकर सोडली?" मी म्हणालो, जिथं तुमचा तलाठी जाऊ शकत नाही, पोलीस जाऊ शकत नाही, दवाखाना काढता येत नाही, ती जमीन तुमची कशावरनं? कागदावरनं? त्यानं उलट विचारलं, "मंग ज्यानं कब्जा केला त्याची जमीन, असं म्हणायचं का?"

मला तेव्हा उत्तर आलं नाही. कारण प्रश्न खरा आहे. कागद खरा म्हणावं तर माणसं चिरडतात. कब्जा खरा म्हणावं तर दांडगा रोज बांध कोरतो. शेतकऱ्याला हे कुणी शिकवायला नको. दरवर्षी नांगराचं एक तास शेजाऱ्याच्या बांधातनं काढणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. वीस वर्षांत बांधाची पायवाट होते आणि पायवाटेची नुसती आठवण राहते.

कूचबिहारच्या बाबतीत एक गोष्ट मात्र बरी झाली. माणसांना विचारलं. पन्नास हजारांवर लोक होते. तुम्हाला कुठल्या देशात राहायचं ते सांगा, असं विचारलं. बांगलादेशातल्या आपल्या बेटांतनं हजाराच्या आतच माणसं इकडं आली. बाकीच्यांनी आहे तिथंच राहणं पसंत केलं. त्यांनी देश निवडला असं मी म्हणणार नाही. त्यांनी बहुतेक आपली विहीर आणि आपली चूल निवडली.

पुतण्या आहे तिकडंही असलं एक बेट आहे. अमिरातीच्या मुलखात मढा नावाचा ओमानचा तुकडा आणि त्या मढाच्या पोटात नहवा नावाचा पुन्हा अमिरातीचा. पुतण्या गाडी घेऊन तिकडनं जाऊन आला. नाका नाही, तपासणी नाही. "काका, फोनवर मेसेज आला तवा कळलं की देश बदलला," म्हणाला. म्हणजे बेट असणं हेच काही वाईट नव्हे. दोन्ही शेजाऱ्यांचं पटत असलं तर बेटातला माणूस सुखानं राहतो. पटत नसलं तर सरळ हद्दही जीव घेते.

आता आपल्या घरातलं बोलतो. बेळगावचं. मी मराठी माणूस. १९५६ साली बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा मराठी मुलूख तिकडं गेला ह्याचं मलाही दुःख आहे. महाजन आयोग नेमला, त्याचा १९६७ चा अहवाल आपण मानला नाही, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आपलं म्हणणं असं की गाव हा घटक धरा आणि तिथल्या लोकांची भाषा बघा. मला ते न्यायाचं वाटतं. पण बार्शीपासून खाली अक्कलकोटकडं गेलं की माझीच मला अडचण होते. तिथं घरात कानडी बोलणारे लोक आहेत. त्याच महाजन अहवालात अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूरकडची गावं कर्नाटकाला द्यावीत असंही होतं. गाव घटक आणि भाषा खरी, हे माप बेळगावला लावायचं तर इथंही लावावं लागेल. आणि इथल्या लोकांना महाराष्ट्रातच राहायचं असलं, तर लोकांची इच्छा हे माप तिथंही आलं. माप कुठलंही धरा, पण दोन्ही बांधांना एकच धरा. हे लिहायला सोपं आहे. करायला किती जड जातं ते मला चार वर्षांपूर्वी कळलं.

थोरल्या मुलानं आमच्या गटाची मोजणी आणली. हद्द कायम करून घ्यायची म्हणून. पैसे भरले, शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या, भूकरमापक आले. पूर्वी माझ्या डोळ्यादेखत ३३ फुटांची साखळी ओढत मोजणी व्हायची, आता काठीवर यंत्र लावतात आणि आभाळातल्या उपग्रहाला विचारतात. त्यांनी चुन्यानं खुणा केल्या. पूर्वेकडची खूण तात्यांच्या विहिरीच्या पलीकडं पडली. तात्या म्हणजे आमचे शेजारी, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी वडील. साडेतीन गुंठे रान आणि त्यातली त्यांची विहीर नकाशाप्रमाणं आमची निघाली. ती विहीर १९७२ च्या दुष्काळात खोदलेली. खोदणाऱ्यांना आमच्या घरनं पिठलं-भाकरी गेलेली मला आठवते. माझे वडील काठावर उभे राहून पाणी लागायची वाट बघत होते. रेघेचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नव्हतं.

मुलगा म्हणाला, "दादा, कागद आपल्या बाजूचा हाय." मी गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे होकारच. तात्यांचं आमच्याकडं येणं बंद झालं. संक्रांतीला त्यांची सून वाण घेऊन आली नाही. त्यांनी वकील गाठल्याचं कळलं.

आणि आता जे सांगायचं ते सांगतो. त्याच मोजणीत पश्चिमेकडची खूण आमच्या रानात दोन गुंठे आत पडली होती. ते रान माझ्या चुलतीचं. विधवा बाई, वय ऐंशीच्या पुढं. आमचा बांध तिच्या रानात सरकलेला होता. मोजणीच्या दिवशी ती लेकीकडं गेलेली आणि तिच्या बाजूनं कुणी हजर नव्हतं. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात आली तेव्हा मी तिची अशी घडी घातली की पूर्वेची बाजू वर राहील. पेटीत ठेवली. दीड वर्ष ज्याला दाखवायची त्याला तेवढीच बाजू दाखवली. चुन्याची पश्चिमेकडची खूण पहिल्या पावसात धुऊन गेली आणि मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

एकदा संध्याकाळी बांधावर तात्याच भेटले. भांडायला आले असतील असं वाटलं. ते म्हणाले, "नकाशा खरा आसंल तर खरा. मी म्हातारा झालो, न्हाई म्हणायचा न्हाई. पण मला सगळा नकाशा दाव."

त्यांना पश्चिमेकडचं माहीत होतं की ते सहज बोलले, मला आजही सांगता येणार नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. जन्मभर लोकांना सांगत आलो की दोघांचे नकाशे शेजारी ठेवा, आणि स्वतःच्या घरचा एक नकाशा मी अर्धा दुमडून ठेवला होता.

सकाळी चुलतीकडं गेलो. नकाशा उलगडून तिच्यापुढं ठेवला. तिला वाचता येत नाही. मी बोटानं दाखवलं, "काकी, हे दोन गुंठे तुझं हायत. आमच्याकडं आल्यात." ती नकाशाकडं न बघता म्हणाली, "मला ठाव हाय. तुझ्या बापालाबी ठाव हुतं. तुझा चुलता गेला तवा माझी पोरं ल्हान. तुझ्या बापानं आठ वर्सं माझं रान पेरून दिलं, रास घरात आणून टाकली. त्यात कवातरी बांध सरकला. मी बोलले न्हाई. त्या आठ वर्सांचं ह्या कागदात कुठं काय लिवलंय का?"

मी नाही म्हणालो.

"मंग आसू दे," म्हणाली. मला वाटलं ती सोडून देतेय, आणि माझ्या मनाला जरा हलकं वाटायला लागलं, हेही कबूल करतो. पण ती पुढं म्हणाली, "पर आता देतो म्हंतूस तर दे. नातवाला हुईल. दगड रवून दे, चुना नगं."

मी दगड रोवून दिले. तिच्यासमोर. मग तात्यांकडं गेलो आणि विहीर तुमचीच, पाण्याला जायची वाटही तुमची, असं लिहून दिलं. साडेतीन गुंठ्यांतलं विहिरीच्या खालचं जे पडीक होतं ते तात्यांनी आपणहून आमच्याकडं सोडलं. हिशोब केला तर मी गुंठ्यांनी तोट्यात आहे. मुलानं तो हिशोब केला. त्याचं म्हणणं मी खोडून काढू शकलो नाही. तो म्हणतो, "दादा, तात्या हायत तवर ठीक. उद्या त्यांच्या नातवानं रान इकलं तर तुमच्या लिहून दिल्याला कोण इचारतंय?" त्याचंही खरं आहे. पण तो हल्ली एक करतो. पश्चिमेकडनं नांगर वळवताना दगडापासून हातभर अलीकडंच वळवतो. मी सांगितलं नव्हतं.

पारावरच्या त्या प्रश्नाला आता मी असं उत्तर देईन. कागद खरा की कब्जा खरा, हे मला अजून ठामपणानं सांगता येत नाही. दोन्ही अर्धे खरे आहेत. १:५००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ काढली तर जमिनीवर ती अडीच मीटर रुंद होते, एका बैलगाडीची वाट. त्या रेघेच्या पोटात कोण खरं, हे नकाशालाच माहीत नसतं. पण माणूस खोटं कधी बोलतो ते मात्र मला कळलं आहे. बांध कोरला की खोटेपणा सुरू होतो असं आपण धरतो, तर तो त्याच्याही आधी सुरू झालेला असतो, नकाशाची घडी घालतानाच. आपल्याला मिळायचं ती बाजू वर ठेवायची आणि द्यायचं ती आत. माणूस करतो, गाव करतं, राज्य करतं, देशही करतो.

'क' प्रत अजून पेटीत आहे. घडीवर ती आता फाटायला आली आहे, म्हणून मी तिची गुंडाळी करून ठेवली आहे.